आरपार दिसंल असं पातळ

माय, आज सकाळपासून तुझी लई आठवण येऊन राह्यली. कारण सांगायला लाज वाटते, पण माझे लंगोट धुणारीपुढं कसली लाज. उद्या जालन्याला माझी तपासणी आहे. खालच्या वाटेनं दुर्बीण घालून आतडं बघणार आहेत. चार महिने झाले, परसाकडं जाताना रक्त पडतंय. उष्णता असंल म्हणून मी गुलकंद खात बसलो, सब्जा पीत बसलो. स्वतः शिवलेल्या पँटी स्वतःच दोनदा कमरेत आत घेतल्या, तरी कुणाला बोललो न्हाई. शेवटी सुनेनंच पकडलं. डॉक्टर म्हणाले, मूळव्याध असेल, नाहीतर गाठ असेल, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. गाठ म्हणजे कसली, हे त्यांनी सांगितलं न्हाई अन् मी विचारलं न्हाई. आठ दिवस झाले, कॅन्सर हा शब्द घरात सगळ्यांच्या तोंडात आहे, ओठाबाहेर कुणी काढत न्हाई.

तपासणीआधी पोट धुऊन काढावं लागतं. कागदावर लिहिलं होतं, आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ. शाळा चौथीपर्यंतच झाली तरी रद्दीचे पेपर वाचून वाचून मी वाचनात पक्का झालेलो, कुणाला विचारायची गरज न्हाई. सकाळी स्वतःच पिठलं टाकलं. तुझ्यासारखं पळीवाढं, वर लसणाची फोडणी. वाटीभर प्यालो तेवढ्यात सून आली.

"नाना, हे काय केलं?"

"पातळच तर आहे. ताटात वतलं तर शहागडपर्यंत वाहत जाईल."

"आरपार दिसंल असं पातळ पाह्यजे. पेल्यातून पलीकडं माझं तोंड दिसलं पाह्यजे तुम्हाला."

"मंग तुझं तोंड बघत बघतच प्यावं लागंल म्हण की."

हसली बिचारी, पण लगेच दवाखान्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, चालेल, आता काही खाऊ नका, औषध मात्र बराबर वेळेवर घ्या.

दुपारी नारळपाणी झालं, मंग औषधाचं पाणी सुरू झालं, दर पाव तासाला एक पेला. खारट, वरून लिंबाचा खोटा वास. पेला खाली ठेवतो न ठेवतो तोच पळायचं. तिथं बसल्या बसल्या मन त्या पातळ शब्दावरच अडकलं अन् तुझं पातळ आठवलं. अंबडच्या बाजारातून मी आणल्तं, मोतिया रंगाचं, बारीक हिरव्या काठाचं. शिंपी माणूस मी, दहा घड्या उलगडून, पोत बघून घेतलेलं. तू त्यावरून हात फिरवलास, लई चांगलं आहे म्हणालीस अन् पेटीत ठेवून दिलंस. ते तुझं शेवटचं वर्ष. त्या वर्षात तू काळं अन् गडद तांबडं सोडून काही अंगाला लावलं न्हाईस. मी रुसलो, माझी पसंती तुला आवडत न्हाई म्हणालो. तू म्हणालीस, "मळतं रे लेकरा. मला मेलीला आता कुठं मिरवायचंय." तू बसताना खाली जुनेराची घडी घ्यायला लागलीस, तीही मला दिसत होती. तू वाळत चाललेली, तेही दिसत होतं. तुझ्या झंपराची मापं मीच घेत होतो, माय, अन् मला काही कळलं न्हाई. तू गेलीस तेव्हा आम्ही भावकीला सांगितलं, उष्णतेनं गेली.

आत्ता सून दवाखान्याचा फॉर्म घेऊन बसली. "नाना, घरात अजून कुणाला असा त्रास होता का? आई, वडील?"

"कुणालाच न्हाई," म्हणालो. तू एवढं झाकून नेलेलं, ते परक्याच्या कागदावर कसं मांडू? तिनं तसं लिहिलं. मंग म्हणाली, "बरं झालं. न्हाईतर ह्यांचीपण तपासणी करा म्हणले असते." ह्यांची म्हणजे माझ्या लेकाची. त्याला आता पन्नासावं लागलंय.

ही चिठ्ठी मी मापाच्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून राह्यलो, ती तिथंच राहणार. तू रागावू नको. मी सुनेला परत हाक मारली अन् म्हणालो, ते खोडून टाक, माझ्या मायला होतं.

"काय होतं त्यांना?" तिनं विचारलं.

मला सांगता आलं न्हाई, माय. मी तुला कधी विचारलंच न्हाई.