दाजींच्या चहाचं अपील

तीर्थरूप केराबाई आत्या, मुक्काम मंद्रूप, यांच्या पायांवर भाचा अभिमन्यू याचं डोकं (डोकं सोलापुरातच आहे, पण पोचलं असं धरावं).

इकडे सगळं ठीक, म्हणजे मी अजून बाहेर आहे. तुमचा गुडघा कसा आहे? म्हैस दूध चोरायची थांबली का? फोनच करणार होतो, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि मग सगळी आळी माझ्याशी बोलते. आत्या, मला तीन महिन्यांची शिक्षा झाली आहे. हे बसून वाचा. मी उभ्यानं ऐकलं.

गुन्हा काय, तर चहा. मागच्या अधिक महिन्यात मी शुक्रवार पेठेत मित्र गुरुशांतच्या खोलीवर होतो. (दोन दिवसांसाठी गेलेलो, चार महिने झाले. त्याच्या आधी हुबळीला ट्रकवर होतो, तिथं कन्नड शिकलो, म्हणजे आकडे आणि शिव्या. तिथला ड्रायव्हर झोपेत गाडी चालवायचा, पण ते राहू दे.) एका दुपारी पोलीस आले. गुरुशांतकडं गांजा आहे अशी खबर होती म्हणे. मी गारच पडलो. मला वाटायचं, पोरगा स्वभावानंच हसरा आहे.

झडती घ्यायची तर साक्षीला दोन पंच लागतात, ते सरकारी कचेरीतून आणतात. फौजदारांच्या मागून एक पंच चप्पल काढून आत आला, बघतो तर आपले धनाजी दाजी. तुमचे जावई, आपल्या संस्कृतीचे मालक! आमच्या दारात त्यांचा पहिलाच पाय. आता तुम्हीच सांगा, घरचा जावई दारात आल्यावर चहा टाकायचा का झडती बघत बसायचं? लगीन झाल्यापासून तुम्हीच आम्हाला शिकवलंय, दाजी कोरड्या तोंडानं परत जाता कामा नयेत.

चहापूड चिमूटभर होती. फळीवरच्या डब्यात वाळका हिरवा पाला दिसला. मला वाटलं गवती चहा. मूठभर टाकला, म्हशीचं दूध घालून चांगला उकळला. फौजदार आधी नको नको म्हणाले आणि दोन कप प्याले. दाजींनी तीन घेतले. "चव येगळीच हाय की रे," म्हणाले. मी म्हणालो, "घरचाच हाय दाजी." मी आणि गुरुशांत घेणार तेवढ्यात चहा संपला. (गुरुशांत पातेल्याकडे बघून पांढरा पडलेला, मला वाटलं चहा मिळाला नाही म्हणून.) मग चांगल्या घरचं पोरगं करतं ते मी केलं. पातेलं, गाळणं, डबा, सगळं घासून पालथं घातलं.

तासाभरानं झडतीचा रंग पालटला. एकच गादी चार वेळा उसवून झाली. फौजदार पंचनामा लिहिता लिहिता हसायला लागले. त्यात त्यांनी लिहिलं की "पंचांच्या मते पंखा फार सुंदर फिरत आहे," आणि दाजींनी खाली सही केली. मी स्वतः बघितलं. दुसऱ्या दिवशी ते पान गेलं आणि नवीन आलं. नव्या पानात चहाच नाही! मी माल मोरीत ओतला आणि पुरावा नष्ट करण्यासाठी भांडी धुतली, असं आहे. म्हणजे पान बदललं कुणी आणि पुरावा बिघडवला म्हणून धरलं कुणाला?

पुढचं ऐका. गुरुशांतच्या बुटात उरलेली पुडी सापडली. त्यानं कबूल केलं, दंड भरला आणि सुटला. त्याची सोयरीकसुद्धा जमली. गांजावाला मांडवात आणि भांडी घासणारा आत जाणार. आणि दाजी? कोर्टात शपथ घेऊन म्हणाले, "मी चहा घेतच नाही." आत्या, आपले दाजी! मधल्या सुट्टीत कँटीनला गेलो तर हे कप धरून उभे. मला बघून कप पाठीमागं लपवला, शर्टावर सांडला.

आता वरच्या कोर्टात अपील आहे, तोवर मी जामिनावर. शरणप्पा वकील म्हणतात, "ज्याला पुरावा संपवायचाय तो पोलिसालाच कशाला पाजंल? पण ते प्याले, हे सांगणारं माणूस आण." फौजदार सांगणार नाहीत. दाजींची बढती अडकली आहे, म्हणून तेही सांगणार नाहीत. दुसरे पंच बदली होऊन गेले. येत्या सोमवारी तारीख आहे, तोवर साक्षीदार मिळाला नाही तर तीन महिने ठरलेले.

असो. मामांना नमस्कार. म्हशीला वेळेवर पेंड घाला.

आपला,
अभिमन्यू

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. झडतीच्याच संध्याकाळी दाजी तुमच्याकडं धोंड्याच्या जेवणाला आले होते. ताटातलं तर संपवलंच, वर वाणाचे तेहतीस धोंडेही खाल्ले आणि नंतर तुमच्या खुंटीवरच्या छत्रीशी अर्धा तास बोलत बसले. "जावई असावा तर असा," म्हणून तुम्ही गावभर सांगितलंत. आत्या, ती भूक चहाची होती. तुम्ही कोर्टात येऊन एवढंच सांगा. अपिलात नवीन साक्षीदार सहसा घेत नाहीत, पण वकील अर्ज देणार आहेत.

ता. क. २. संस्कृतीला सांगू नका. ती अजून त्या तेहतिसांचं कौतुक करते.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तेवढ्यात वकिलांचा फोन आला. म्हणतात, अपील जिंकू, पण चहा सिद्ध झाला तर सरकारी माणसांना कामावर असताना गांजा पाजला म्हणून मला नव्यानं धरतील, आणि ते कलम दहा वर्षांपर्यंत जातं. तेव्हा कोर्टात येऊ नका. कुणी विचारलंच तर जावई फार कमी खातात म्हणा. आणि कडक भाकरी करायला घ्या, दिवसाला एक धरून नव्वद. त्या तीन महिने टिकतात, दहा वर्षं टिकत नाहीत.