झुलाल नानांचं काचेचं न्हाणीघर

जळगाव, मार्च १९९९

ती. सुकदेवमामांस बन्सीलालचा साष्टांग दंडवत. इकडे सगळे ठीक. मामींचे गुडघे आता जिना चढू देतात का? यावलला उन्हं तापली असतील, भर दुपारी केळीच्या बागेत हिंडू नका.

मामा, नोकरी वाचली! आधी तेच सांगतो. आर्किटेक्ट साहेबांनी मला कॉम्प्युटरवर घरं काढायला ठेवलं ते कच्च्या बोलीवर. चोपड्याच्या झुलाल नानांचा बंगला हातचा गेला असता, तर मीही गेलो होतो. या कॉम्प्युटरात दरवाजा ही एक वस्तू नव्हे. चौकट वेगळी, पल्ला (म्हणजे उघडझाप होणारी फळी) वेगळा, कडी वेगळी, आणि प्रत्येकाला लाकूड, काच की लोखंड ते सांगावं लागतं. (न सांगितलं तर सगळं पिठाचं केल्यासारखं पांढरंफटक दिसतं.) नानांना दिवाणखान्याच्या दाराला काचेचा पल्ला हवा होता. मी दिला. पण दिला तो त्या एका दाराला नव्हे, नमुन्याला. नमुना बदलला की त्यावरची दारंही आपोआप बदलतात, आणि आतली सगळी दारं मी त्याच नमुन्यावरून काढलेली!

नाना सहकुटुंब आले. पडद्यावर आधी मुख्य दार उगवलं. आपल्याकडे चौकट उभी राहिली की पूजा आलीच. शेवंताबाईंनी (नानांच्या मंडळी) पिशवीतून हळदकुंकू काढलं आणि थेट पडद्यावर बोटं टेकवली. साहेबांनी त्या महागड्या यंत्राकडे पाहून खिशातला रुमाल काढला. मग मी घर आतून फिरवू लागलो, आणि न्हाणीघर आलं. आरपार. आतली बादलीसुद्धा दिसत होती.

नाना उठलेच. “आठे आंग धोवानं का परदर्शन मांडानं?” साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात ट्रंक भरली. पण शेवंताबाई जागच्या हलल्या नाहीत. “चौकटनी पूजा व्हई गई. आते घर सोडीसन जावानं नही.” नाना परत खुर्चीत बसले. मी न्हाणीघराला वेगळा नमुना करून पल्ल्याला सागवान दिलं, चौकटीला बोटही लावलं नाही. संध्याकाळी साहेबांनी मला कायम केलं. मामा, इतकं सुटल्यासारखं वाटलं की रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
बन्सीलाल

ता. क. दीपनगरची मंडळी ‘नोकरी कायम झाली की मुलगी देऊ’ म्हणाली होती. त्यांना तेवढं कळवा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना आठवलं, धुळ्याच्या मुलींच्या वसतिगृहाची दारंही मी त्याच काचेच्या नमुन्यावरून काढलीत, आणि ते कागद कालच्या एसटीनं गेले. साहेब बुधवारी धुळ्याला जाणार आहेत. तेव्हा दीपनगरला कळवत बसू नका, स्वतःच जा. साखरपुडा मंगळवारी उरकला तर बरं.