सुपारे, त्यांना सांग

मी, भिमाजी कोंडाजी फुलसुंदर, वय ७१ वर्षे, गुरांच्या सरकारी दवाखान्यातून ड्रेसर म्हणून निवृत्त, राहणार वारूळवाडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे. पत्नी साळुबाई याबाबत वेगळे सांगेल, पण ती मला सांगणार नाही, आमच्या कुत्रीला, सुपारीला सांगेल. त्याचा खुलासा कलम ४ मध्ये आहे.

१. राहते घर अंगणासह माझ्या पश्चात साळुबाईचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये. चिरंजीव गोरखला ते विकून भोसरीत मोठा फ्लॅट घ्यायचा आहे. या दिवाळीत त्याने विक्रीचे कागद सतरंजीवर पसरले आणि सुपारीने त्यांवर आपला कार्यक्रम उरकला. तिला लहानपणापासून कागदावरच करायला शिकवले आहे. ती शिकवल्याप्रमाणे वागली. त्यात माझा हात नव्हता, हे शपथेवर लिहितो. आनंद झाला, तेही लिहितो.

२. ओढ्याकाठचे वीस गुंठे गोरखला. तिथे ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. दोन्हींकडे त्याने लक्ष ठेवावे.

३. गुरांना औषध पाजायचे बांबूचे नळकांडे आणि खुरे तासायची सुरी निरगुडसरच्या जानकूला, तो शर्यतीचे बैल पाळतो म्हणून. काचेचा छोटा ड्रॉपर मात्र साळुबाईकडेच राहील. त्यावर माझा हक्क कधीच नव्हता.

४. सन १९९९ मध्ये नारायणगावचे कापडव्यापारी मिश्रीलाल शेठ यांनी नात टीना हिच्यासाठी मुंबईहून चिहुआहुआ जातीचे कुत्रीचे पिल्लू आणले. शेठाणी उगमबाईंनी ते उंबऱ्यावरच अडवले. शेठ पिल्लू खिशात घालून माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, तुमी जनावरातलं मानूस. सांभाळा राव." साळुबाईने एकदाच पाहिले आणि विचारले, "ह्यो उंदीर कुनी आनला?"

शेळी देतात तशी आम्ही सुपारी अर्धलीने ठरवली. म्हणजे पाळायची मी, आणि पिल्ले झाली की निम्मी शेठची. कुत्री अर्धलीने घेणारा तालुक्यात मीच पहिला असेन. मला बैलांशिवाय कोणाला शिकवता येत नव्हते, त्यामुळे सुपारी 'भिर्र' म्हटले की पळते, 'होऽ' म्हटले की थांबते आणि 'ये' म्हटले की तोंडाकडे बघत बसते. ज्याच्या ताब्यात जाईल त्याने नंतर तक्रार करू नये.

२००१ साली तिला दोन पिल्ले झाली. एक दणकट, दुसरे एवढेसे, त्याला दूध ओढता येईना. उंदीर म्हणणाऱ्या साळुबाईनेच ते भाकरीच्या दुरडीत चिंध्यांवर ठेवले, चुलीच्या उबेला. दर दोन तासांनी ड्रॉपरने शेळीचे दूध, मान टाकली की हिरड्यांना गुळाचे पाणी. या जातीची टाळू लवकर भरत नाही. साळुबाई बाळाला लावतात तसे एका बोटाने तिथे तेल लावायची. नाव ठेवले तिळू. दवाखान्यात चाळीस वर्षे काढलेला मी ते जगणार नाही म्हणालो होतो. ते जगले.

दोन महिन्यांनी साळुबाई बहिणीकडे कळंबला गेली असताना शेठ टीनाला घेऊन आले. टीनाने नेमका तिळूच उचलला. एक पिल्लू द्यायचे एवढेच ठरले होते, कोणते ते नाही. "पोरी, दुसरं घे," एवढे म्हटले असते तरी भागले असते. शब्दाला जागणारा माणूस म्हणून मिरवायच्या नादात मी गप्प बसलो.

साळुबाई आली. रिकामी दुरडी पाहिली, धुतली, आणि तीत भाकरी ठेवल्या. मग म्हणाली, "सुपारे, त्यांना म्हनावं, जेवाया बसा." त्या दिवसापासून आज सात वर्षे आमचा संसार असाच चालू आहे. मीही सांगतो, "सुपारे, तिला सांग, आमटीत मीठ न्हाई." दुसरे पिल्लू गोरख घेऊन गेला, साळुबाईने त्याला अडवलेही नाही.

५. सुपारीच्या डोक्यावर कौतुकाने टपली मारू नये. उंचावरून उडी मारू देऊ नये. दिवस मावळायच्या आत घरात घ्यावे. ती बिबट्यावरही भुंकते, तिला स्वतःचे माप माहीत नाही.

६. मिश्रीलाल शेठांवर माझा राग नाही. उगमबाई आता तिळूला स्वतःच्या हाताने खाकरा चारतात असे ऐकतो, म्हणजे उंबऱ्याचे काय झाले ते त्यांनीच सांगावे. चूक माझी होती. साळुबाई, मी चुकलो. तुला विचारायला हवे होते. हे तोंडाने म्हणायला सात वर्षे धीर झाला नाही, म्हणून सरकारी कागदाचा आडोसा घेतला.

७. ~~सुपारी आता नऊ वर्षांची आहे. मी गेलो आणि पाठोपाठ तीही गेली, तर साळुबाई घरात बोलणार कोणाशी, ही एकच काळजी मला आहे. तरी शेठांनी तिळू तिला परत द्यावा.~~

कलम ७ खोडल्याचे कारण: साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवत असताना साळुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. सुपारी माझ्या मांडीवर होती, पण तिने सुपारीकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "त्या पोरीचा लई जीव लागला आसंल त्याच्यावर. तिचं कुत्रं काढून घेता व्हय? येकदा चुकलात तेवढं बास. आनि मला काय सांगायचं आसंल तर मला सांगा. त्या मुक्या जीवाला किती दमवायचं?"

मी कलम ७ वर रेघ ओढली. सुपारी मात्र सवयीने आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली.

सबब कलम ७ रद्द. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: वारूळवाडी
दिनांक: १६ नोव्हेंबर २००८

(सही) भिमाजी कोंडाजी फुलसुंदर

साक्षीदार:
१. (सही) मिश्रीलाल चंपालाल मुथा, नारायणगाव. खाडाखोड माझ्यासमोर झाली. उंबऱ्याबद्दल घरी विचारून सांगतो.
२. (अंगठा) भिका, शेजारी.

ता. क. उद्या सकाळी आम्ही दोघे तिळूला बघायला नारायणगावला जात आहोत. तोपर्यंत हा कागद कोणी जमिनीवर ठेवू नये.