तुमची बस कासारवाडीच्या पुढं गेली

अहो परीचे पप्पा,

येत्या रविवारी मोठे भाऊजी परत येणार आहेत, तुमचा लॅपटॉप न्यायला. या वेळी मामंजींना पण आणणार म्हणे. मला भीती वाटायली. कुणाला सांगू? परी बालवाडीत गेलीय, कुकर उतरवलाय, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, हसू नका.

तुम्ही शिफ्टवरून यायचे तर हात पण धुवायचे नाहीत, आधी लॅपटॉप उघडायचे. मी चिडायचे, "लेकराला घ्या की जरा." मग तुम्ही परीला मांडीवर घेऊन गेम बनवत बसायचे. काळेवाडीतून माणसं भरत चाकणला जाणारी कंपनीची बस. प्रत्येक स्टॉपवर तुमचाच आवाज, "चला, बसा पटापट, शिफ्ट चुकल." तो आवाज भरताना मागं माझ्या कुकरची शिट्टी आली. काढली का नाही हो तुम्ही? मुद्दाम ठेवली ना?

मी एकदा विचारलं, एवढं कसलं सॉफ्टवेअर आहे ते? तुम्ही म्हणला, "गेम बनवायचं इंजिन आहे. स्वयंपाकघर समज. भाजी एकदाच करायची. मग कॉम्प्युटरचा डबा वेगळा भरायचा, मोबाइलचा वेगळा."

लोकांची बस चुकू नये म्हणून तुम्ही गेम करायचे, आणि त्या दिवशी तुमचीच चुकली. गाडी काढली, ती चाकणच्या चौकापर्यंतच पोचली. हेल्मेट अजून दारामागच्या खिळ्यालाच आहे. एवढं जड होतं का ते?

गेममधला रस्ता कासारवाडीपर्यंतच केला होता तुम्ही. त्याच्या पुढं गेलं की बस खाली निळ्यात पडायची. परी फोनवर खेळताना तिथं आली की बोट उचलायची. "पप्पा रस्ता करणारेत," म्हणायची. किती दिवस ऐकू ते?

मग तुमच्या दोस्ताला, वैभवला फोन लावला. तो सांगायचा, मी माऊस धरायचे. रस्त्याचा तुकडा धरायचा, कॉपी करायची, ओढून पुढं जोडायचा. फरशी बसवल्यासारखं. पहिला तुकडा वाकडा बसला, बस फूटपाथवर चढली. तरी सोडलं नाही. कासारवाडीचा स्टॉप कॉपी करून पुढं भोसरीचा केला. लॅपटॉपवर बस तिथं जाऊन उभी राहिली तेव्हा मी रडले नाही. भाकरी करपली तेवढी.

मागच्या रविवारी भाऊजी आले. चहा पिता पिता म्हणले, "सुनीता, आमच्या ओमला कॉलेजला लॅपटॉप लागतोय. इथं पडून काय करणार? तुला काय येतंय त्यातलं?"

"रस्ता केलाय मी," म्हणलं. "परी, काकांना फोनमध्ये दाखव."

परीनं चालवली. कासारवाडीच्या पुढं बस पडली. धाडकन.

भाऊजी हसले. "पडली की बाई तुझी बस."

"आई खोटं बोलली," परी म्हणली.

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. मग तुमचंच बोलणं आठवलं. लॅपटॉपवर भाजी नवी केली होती, फोनमध्ये डबा शिळाच होता! तोवर भाऊजींनी लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली होती. मी पट्टा धरला.

"ठेवा खाली, भाऊजी."

"अगं, गेम आहे की फोनमध्ये. खेळू दे की तिला."

"फोनमध्ये नुसता डबा आहे. हा नेला तर चूल गेली. मग ह्यांची बस जन्मभर तिथंच पडत राहील."

"दादांना सांगू का मी?"

"सांगा. मामंजींना पण चहा पाजीन."

बॅग ठेवली त्यांनी. कप तसाच अर्धा ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी वैभवनं फोनचा डबा भरायला शिकवलं. फोनमध्ये जागा नव्हती, माझे मेंदीचे व्हिडिओ उडवले. परी कासारवाडीला आली आणि सवयीनं बोट उचललं. मी म्हणलं, "चालव." बस गेली. भोसरीला तुम्ही बोलला, "चला, बसा पटापट." मागं माझी शिट्टी. परीनं माझ्याकडं बघितलं आणि परत पहिल्यापासून सुरू केली.

तर ऐका. रविवारी दोघं येऊ दे, नाहीतर अख्खं गाव येऊ दे, लॅपटॉप इथून हलणार नाही. ओमला शिकायचं असलं तर त्यानं इथं यावं, माझ्याशेजारी बसावं. कंपनीच्या गेटपर्यंत रस्ता मी करणार. वाकडा झाला तरी करणार.

आणि चाकणच्या त्या चौकात, तुमच्या चौकात, मी स्पीडब्रेकर टाकणार आहे. वैभव म्हणला, "वहिनी, तिथं गेम स्लो होईल, पोरं कंटाळतील."

कंटाळू दे म्हणलं. तिथनं सगळ्यांनी हळूच जायचं.

तुमची,
सुनीता