डिंकानं फुललेलं वावर

मुंबई, २ ऑक्टोबर २००५

ती. शीलाआत्यास,
मंदारचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसता हो-हो करतो अशी तुझी तक्रार, म्हणून हे पत्र. मोठी बातमी अशी की आमच्या कंपनीने पहिल्यांदाच एक अख्खी जाहिरात माझ्यावर सोपवली आहे. ‘सूरसदन’ नावाचा घरगुती इलेक्ट्रॉनिक ऑर्गन बाजारात येतोय आणि त्याच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत साक्षात रजत आहे. हो, तोच सिनेमातला! कापसाच्या पांढऱ्याशुभ्र शेतात, पांढऱ्या कुर्त्यात बसून तो ऑर्गन वाजवतो, ही माझी कल्पना सगळ्यांना पसंत पडली.

आता तुझी मदत हवी. बोरी अरबच्या बेबीताईचं शेत रस्त्यालगत आहे आणि ती तुझी शाळेतली विद्यार्थिनी. तुझा शब्द ती मोडणार नाही. वीस तारखेला चित्रीकरण आहे, तोपर्यंत तिने कापूस तेवढा वेचू नये. एकही बोंड रिकामं दिसता कामा नये.

तुझ्या पायपेटीशी बसून सूर ओळखायला शिकलो, म्हणून हे काम मिळालं. माया आहे तशीच असू दे.

तुझा,
मंदार

यवतमाळ, ९ ऑक्टोबर २००५

चि. मंदार यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग संताप आला. इथे निम्मा दिवस वीज नसते आणि तुम्ही घरोघरी विजेची पेटी वाजवायला निघालात! माझी पेटी पायाने चालते, म्हणून अजून वाजते आहे. कापसाच्या भावाने माणसं हवालदिल झालीत आणि त्याच कापसात बसून तुमचा नट दात दाखवणार. तुमच्या कंपनीत अक्कल वाटतात त्या दिवशी सगळे रजेवर असतात काय?

तरी काल बोरीला जाऊन आले. बेबीने सीतादहीची तयारी केली होती. वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्याकडे पहिलं बोंड तोडत नाहीत, हे तुला कशाला माहीत असणार! पहिल्या वेच्याचा कापूस सगळ्यात चांगला. त्यावरच तिने लेकीचं, सुरभीचं, इथलं वसतिगृह ठरवलं आहे. पोरगी अकरावी सायन्सला. रोज एसटीने येते-जाते आणि बस चुकली की दिवस बुडतो. पुढच्या सत्रात तरी तिला शहरात ठेवायचं म्हणून बेबीचा जीव टांगणीला लागलाय.

तिचा नवरा म्हणाला, सिनेमावाल्यायसाठी वेचा कायले थांबवाचा? पाणी आलं तं? बेबी म्हणाली, बाईनं सांगतलं नं, मंग झालं. मी शब्द दिला आहे. वीस म्हणजे वीस.

प्रकृतीला जप, बाहेरचं अरबटचरबट खाऊ नकोस.

तुझी,
शीलाआत्या

मुंबई, १५ ऑक्टोबर २००५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. रजतने दुसऱ्या चित्रपटासाठी केस तांबडे केलेत, ते पुन्हा काळे होईपर्यंत थांबावं लागेल. आता पाच नोव्हेंबर नक्की. बेबीताईला सांग, पंधरा दिवसांत कापूस काही पळून जात नाही. मला इथे स्टुडिओत ऑर्गनची धून भरून घ्यायची आहे, त्यामुळे मी येत नाही, दिग्दर्शक येतील. रजतला वाजवता येत नाही, पण ते तू मनावर घेऊ नकोस.

दिवाळीला तुझ्या चिवड्याची आठवण येणार. आशीर्वाद पाठीशी असावा.

मंदार

यवतमाळ, ८ नोव्हेंबर २००५

चि. मंदार यास,
आशीर्वाद.

ऐन लक्ष्मीपूजनाला पाऊस आला आणि तीन दिवस हटला नाही. बेबीचं वावर काळंपिवळं पडलं. बोंडातच सरकीला कोंब आले. तुझा कापूस पळून गेला नाही, जागच्या जागी कुजला.

पाच तारखेला तुमचे दिग्दर्शक उतरले आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, हे चालणार नाही. मग बाजारातून कोरडा कापूस आणवला. गावातल्या वीस बायका बसवल्या आणि समोरच्या पाच ओळींतल्या बोंडांवर डिंकाने तो कापूस चिकटवून घेतला. त्या वीसजणींत बेबी होती. सुट्टीतला अभ्यास टाकून सुरभीही होती. आपल्याच वावरात दुसऱ्याचा कापूस डकवत होत्या मायलेकी.

अकरा वाजता छत्रीखालून रजत आला. झाड इतकं बुटकं का, असं त्याने हिंदीत विचारलं. ऑर्गनला वायरच जोडलेली नव्हती. जनरेटर त्याच्या थंडगार गाडीसाठी होता. दोन्ही पंजांनी भाकरी थापल्यासारखा तो पट्ट्या बडवत होता आणि दिग्दर्शक वाहवा करत होते. दीड तासात मंडळी पसार झाली.

पण खरं सांगते, सगळा दोष तुझा नाही. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हाच मी बेबीला वेचायला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भावाचा मुलगा टीव्हीचं काम करतो, हे चार बायकांत सांगायचा तोरा मलाही चढला होता. त्या तोऱ्याची मला लाज वाटते.

शीलाआत्या

मुंबई, १८ डिसेंबर २००५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पावसाचं वाचून वाईट वाटलं. कामाच्या धबडग्यात उत्तर राहून गेलं, क्षमा कर. जाहिरात मात्र फार गाजते आहे. शेत इतकं खरं कसं दिसलं, असं सगळे विचारतात! मी साहेबांकडे शब्द टाकला आणि कंपनीतर्फे एक ऑर्गन सुरभीला भेट म्हणून पाठवला आहे. पोरीला घरी बसून शिकता येईल.

तुझा लोभ सुटू नये, एवढंच मागणं.

मंदार

यवतमाळ, ९ जानेवारी २००६

चि. मंदार यास,
आशीर्वाद.

ऑर्गन पोचला. घरी बसून शिकायचं म्हणतोस, तर सुरभी दिवाळीपासून घरीच बसली होती. वसतिगृह राहिलं, मग हातात पैसाच नाही म्हणून कॉलेजही सुटलं. उरलासुरला कापूस कवडी, म्हणजे डागी माल, म्हणून व्यापाऱ्याने बाजूला सारला.

परवा बोरीला गेले, तेव्हा नेमकी तुझी जाहिरात लागली. रजत आला म्हणून घरातली पोरं ओरडली. बेबी त्याच्याकडे बघतच नव्हती. मागचं पांढरं वावर बघत होती. मग मला म्हणाली, बाई, असंच दिसत होतं नं आपलं वावर, पाण्याच्या आधी? मला तोंड वर करवेना. तिने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने चहा दिला आणि निघताना तुरीच्या शेंगा बांधून दिल्या.

मी सुरभीला सोबत घेऊन आले. लोकाच्या घरी पोरगी कायले ठेवाची, म्हणून बेबी अडून बसली होती. हे उपकार नाहीत, माझा दंड आहे, असं सांगितलं तेव्हा कुठे तिने पोरीचं बोचकं बांधलं. प्राचार्यांना भेटून नाव पुन्हा घालून घेतलं. ऑर्गन उद्या पार्सलने तुमच्या कंपनीला परत जातो आहे.

मागची खोली, तू लहानपणापासून जिला ‘माझी खोली’ म्हणतोस ती, आता सुरभीची आहे. तुझी पुस्तकं, बॅट आणि बक्षिसं मी खोक्यात भरून माळ्यावर टाकली. तू ये. आधी बोरीला उतर, बेबीसमोर उभा राहा, मग इकडे ये. जेवायला वाढीन. झोपायला ओसरीत सतरंजी मिळेल.

तुझी,
शीलाआत्या