चिठ्ठीवरचा आकडा

सर,

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. भाईंदरच्या आपल्या वाचनालयात दर शनिवारी सकाळी, वर्तमानपत्रांच्या टेबलावर, रक्तदाब तपासायची सोय तुम्ही ग्रंथपाल असताना सुरू केलीत. तपासणारी मी. तेव्हा लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते.

२. उत्तनच्या एका मासळी विकणाऱ्या मावशींचा दाब फार जास्त निघाला. आकडा आणि खाली 'आजच डॉक्टरांना दाखवा' असं लिहून चिठ्ठी त्यांना दिली गेली.

३. मावशी डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यांची उजवी बाजू लुळी पडली.

४. सोय बंद झाली. इतिवृत्तात 'ग्रंथपालांची चूक' अशी नोंद आहे.

'दिली गेली' असं मी लिहिलंय. चिठ्ठी मी दिली.

चिठ्ठीची पद्धत तुमची. पहिल्याच शनिवारी मी एका निवृत्त गृहस्थांचा आकडा मोठ्याने सांगितला, आणि शेजारचे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "पेन्शनपेक्षा प्रेशर बरं वाढतंय तुमचं." सगळं टेबल हसलं. ते गृहस्थ पुढे महिनाभर पेपर वाचायलाही आले नाहीत. तुम्ही मला कपाटाआड नेऊन सांगितलंत, "कोणाचा दाब म्हणजे पेपरातला मथळा नाही. इथे आकडा लिहून द्यायचा, बोलायचा नाही." दवाखान्याची पायरी न चढणारी माणसं त्यानंतर खरोखरच येऊ लागली. तुमचं बरोबर होतं. फक्त वाचनालयात येणाऱ्याला वाचता येतं, हे आपण दोघंही धरून चाललो होतो.

मावशी दाराशी टोपली ठेवून आत आल्या. "फुकट हाय ना?" एवढंच विचारलं. मी पट्टा बांधला, आकडा लिहिला, चिठ्ठी पुढे केली. त्या बराच वेळ चिठ्ठीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं हाय," आणि ती घडी करून बटव्यात ठेवली. त्यांना समजलं, असं मी समजले.

पुढे त्यांची सून तीच चिठ्ठी घेऊन आली. ती आजही दिसते मला, टेबलाशी उभी, आवाज अजिबात चढवत नाही. "हे तिला कोणी तोंडानं सांगितलं व्हतं का?" अक्षर माझं होतं आणि तुम्हांला ते ओळखता येत होतं. तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी मी दिली. चूक माझी." मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. बोलले नाही. नंतरही नाही, तुम्ही हे जग सोडून जाईपर्यंत.

आता मी काशीमीऱ्याच्या एका लॅबमध्ये आहे. वाचनालयाला शनिवार पुन्हा सुरू करायचाय, कार्यपद्धती मी लिहून दिली. कपाटामागे पडदा, दोन खुर्च्या. आकडा हळू आवाजात, समोरच्याच्या भाषेत सांगायचा, काय करायचं ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं, मग चिठ्ठी. तुमचा नियम मी मोडलाय. चिटणिसांनी विचारलं, जुनी सोय का बंद पडली होती? मी म्हटलं, इतिवृत्त बघून सांगते.

शनिवारी सभा आहे. नोंदीतला 'ग्रंथपालांची' हा शब्द खोडून तिथे माझं नाव घालायचं, तर ते मलाच उभं राहून सांगावं लागेल. तुमची परवानगी मागतेय असं दाखवून मी वेळ काढतेय, हे मला कळतं.

तरी शुक्रवारपर्यंत कळवा.