फिजिओथेरपिस्टला महिन्याला सुटतात किती

३ नोव्हेंबर, सोमवार
आमच्या लेकीने, मोनालीने, काल सांगून टाकलं : लग्न करीन तर हितेंद्रशीच. मुलगा फिजिओथेरपिस्ट. पिंप्राळ्यात क्लिनिक. म्हणजे मालिशवाला, फक्त पाटी इंग्रजीत. कमवतो किती विचारलं, तर म्हणे "बरं चाललंय." मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे. "बरं चाललंय" हे उत्तर असेल तर शून्य मार्क.
माझी अट : महिना एक लाख. एक रुपया कमी चालणार नाही.
उद्यापासून पेशंट म्हणून स्वतः जाऊन बसणार. खोटं नाव सांगणार, कामिनी. हे म्हणाले, नाटक कशाला, तुझा उजवा खांदा खरंच दुखतो. काही दुखत नाही. दिवाळीपासून अंबाडा घालता येत नाही, एवढंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार
रिक्षाने पिंप्राळा. हॉल भरलेला. फी तीनशे, पेशंट अंदाजे वीस. महिन्याचे पंचवीस दिवस. दीड लाख! भाडं, लाइटबिल वजा जाता अट पूर्ण. जरा वाईट वाटलं.
मुलाने हात वर करायला लावला. नाकापर्यंत गेला. फ्रोजन शोल्डर म्हणे. भिंतीवर बोटांनी वर वर चढायचं, घरी, दिवसातून दोनदा. मला "आई" म्हणाला. सगळ्या बायकांना म्हणत असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार
घरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे. व्यायाम राहिला.
हॉलमध्ये बेशिस्त फार. चोपड्याचे एक केळीवाले, उखर्डूनाना, गुडघ्यासाठी एवढ्या लांबून येतात. विचारलं, घरी व्यायाम करता का? नाही म्हणाले. चांगलं झापलं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, एवढंच तर आहे, आत पडद्याच्या फटीतून दिसतं सगळं. त्यासाठी एसटीचं भाडं आणि वर तीनशे? करून दाखवलं. नाना म्हणाले, "डागतर तो शे का तुम्ही शेतस?"
प्रश्न योग्य होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चोपड्याहूनच येणाऱ्या झुंबरबाईंची कंबर मार्गी लावली. वाकून केर काढणं बंद, पाठीवर झोपून गुडघे पोटाशी. आणखी दोघींनी मान दाखवली. वेळ बरा जातो.
उखर्डूनाना आले नाहीत. माणूस ऐकणारा निघाला.
घरचा व्यायाम : पाहुणे होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पेशंट दहा-बारा. उत्पन्न निम्म्यावर. मला शंका होतीच.
झुंबरबाई येत नाहीत. मानेवाल्याही नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या दोन नव्या लोकांना सरळ बसायला शिकवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
हॉलमध्ये मी आणि एक म्हातारे. म्हाताऱ्यांना भिंतीचा व्यायाम समजावला. उठून घरी गेले.
हिशेब उघड आहे. महिना तीस हजारसुद्धा नाही, त्यात जागेचं भाडं. मोनाली धुळ्याला बँकेत असते, तिला फोन केला : बँकेतली मुलगी रिकाम्या हॉलमध्ये देणार नाही. ती म्हणाली, दिवाळीपर्यंत बसायला जागा नसायची. म्हटलं, मी रोज डोळ्यांनी बघते आहे. ती म्हणाली, तेच तर.
काय "तेच तर"? हल्लीची मुलं वाक्य पूर्ण करत नाहीत.
घरचा व्यायाम : भिंत गार लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार
बैठक आमच्या घरी. नकार द्यायचा तोही चार माणसांत, रीतीने. धुळ्याहून रतिलालभाऊ, माझे मोठे दीर. तिकडून हितेंद्र, त्याची आई सुंदरबाई आणि मामा.
मामा म्हणजे उखर्डूनाना.
दारातच ओरडले, "हाई तीच मास्तरीनबाई शे!" मग सगळ्यांना धोतर वर करून गुडघा दाखवला. बरा झाला होता. झुंबरबाईंचीही कंबर बरी आहे म्हणे, गावभर माझंच नाव घेतात.
रतिलालभाऊंनी ठरल्याप्रमाणे विचारलं, डॉक्टर, महिन्याला सुटतात किती? मुलगा शांतपणे म्हणाला, दिवाळीपर्यंत खर्च जाऊन सत्तर हजार. या महिन्याचं सांगता येत नाही. एक आई हॉलमध्ये बसून फुकट शिकवतात. पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, मोनालीने फोटो दाखवला होता.
मी म्हटलं, अट लाखाची होती. तो म्हणाला, माझीही एकच अट आहे, आईंनी क्लिनिकमध्ये यायचं नाही. खांदा मी घरी येऊन बघीन, फी नको. हे पटकन म्हणाले, मान्य. ह्यांना कोणी विचारलं होतं?
सुंदरबाईंनी विचारलं, घरी भिंतीचा व्यायाम करतात ना? सगळे माझ्याकडे बघत होते. मी कॅलेंडरचं सांगितलं. मोनालीने उठून कॅलेंडर काढलं.
मग रतिलालभाऊ म्हणाले, ज्यांचा होकार असेल त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे वर. मी माझा उजवा फक्त पदर सारखा करायला उचलला होता. नाकापर्यंत जाऊन अडला. मुलगा म्हणाला, आईंचा एवढाच जातो, पूर्ण धरा.
धरला. पेढे फिरले.
विरोध करायला डावा हात चांगला होता. त्यात चहा होता.